मे महिन्यातला हिमालय: वितळत्या बर्फातल्या ट्रेकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपल्या की महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये मोठ्या सॅक दिसायला लागतात. एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य हा आपल्या सुट्ट्यांचा काळ, आणि तिकडे डोंगरावरचा बर्फ सुटायचाही हाच काळ. त्यामुळे हिमालयातला पहिला ट्रेक बहुतेकांचा या दिवसांतच होतो. खालची उत्तरं हिमाचल आणि उत्तराखंड डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

मे महिन्यात कसला आलाय बर्फ? घरचे विश्वासच ठेवत नाहीत.

विदर्भात ४५ अंश असताना तिकडे कंबरभर बर्फ असू शकतो, हे सांगून पटत नाही खरं. पण थंडीत साचलेला बर्फ ऊन पडलं म्हणून आठवड्यात जात नाही. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम गार पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. शिवाय स्वच्छ पांढरा बर्फ अंगावर पडणारं बहुतेक ऊन परत फेकतो. त्यावर धूळ बसून तो मळला की मगच वितळायचा वेग वाढतो. म्हणून साधारण ३,५०० मीटरच्या वर, उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर आणि अरुंद घळींत जूनपर्यंत बर्फ सापडतो. दक्षिणेकडच्या उतारावर तेव्हा गवत आणि फुलं असतात. एकाच दिवसात दोन्ही तुडवायला मिळतं, ही या हंगामाची मजा.

मग कोणत्या महिन्यात कुठे जावं?

एप्रिलमध्ये ४,००० मीटरच्या वरच्या खिंडींचा विचार सोडा. केदारकंठा (सुमारे ३,८०० मीटर) किंवा दयारा बुग्याल (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं गवताळ कुरण) अशा जागी माथ्याच्या आसपास बर्फ मिळतो आणि खालच्या जंगलात लालभडक बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो. मे महिना सार पासचा. कसोलहून निघून ग्रहण गावावरून सुमारे ४,२०० मीटरची ही खिंड ओलांडायची. यूथ हॉस्टेलच्या मे महिन्यातल्या कॅम्पमुळे ती मराठी घराघरांत माहीत आहे, आणि तिथल्या तंबूंत मराठी ऐकू आली नाही असं सहसा होत नाही. मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य हा रूपिन पास (४,६५० मीटर) आणि बुरान घाटीचा. हम्टा पास (४,२७० मीटर) साधारण जूनच्या मध्यापासून. पिन-भाबाला त्याहून उशीर. काश्मीरची सरोवरं जुलैशिवाय नाहीत.

हे सगळं 'साधारण'. आदल्या हिवाळ्यात किती बर्फ पडला आणि वसंतात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येऊन तिकडे पाऊस-बर्फ पाडणाऱ्या वादळी प्रणाली) किती आले, यावर तारखा दोन-तीन आठवडे सहज मागेपुढे होतात. निघायच्या आठवड्यात पायथ्याच्या गावात फोन करून विचारणं हा सगळ्यात भरवशाचा अंदाज.

आम्ही राजगड-तोरणा एका दिवसात करतो. मग या ट्रेकला अवघड म्हणायचं कारण काय?

दम तुमच्याकडे आहे, त्यात वाद नाही. उंचीचं म्हणाल तर मनाली कळसूबाईच्या माथ्याहून (१,६४६ मीटर) वर आहे आणि हम्टासारखा ट्रेक तिथून पुढे सुरू होतो. पण तेही बाजूला ठेवा. खरा फरक वेळेचा आहे. सह्याद्रीत वाट सकाळी जशी असते तशीच संध्याकाळी असते. ओढा फुगतो तो पाऊस पडला तर. वितळत्या बर्फात आभाळ निरभ्र असतानाही नाला फुगतो, आणि पहाटे पायाखाली फरशीसारखा टणक असलेला उतार दुपारी मांडीपर्यंत गिळतो. जागा तीच, अंतर तेच, फक्त घड्याळात सात तास पुढे. फिटनेसवर खूप बोललं जातं, वेळेवर फार कमी. या हंगामात मला वेळ जास्त महत्त्वाची वाटते.

म्हणूनच पहाटे तीनला उठवतात का? इतक्या थंडीत काय तो आग्रह!

सार पासच्या आधीचा नगारूचा मुक्काम केलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न कुडकुडत विचारलेला असतो. रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि दिवसा ओला झालेला वरचा थर पुन्हा गोठतो. या कडक पापुद्र्यावर बूट करकर वाजतो, पण आत जात नाही. ऊन लागलं की कणांमधले गोठलेले सांधे सुटतात, पाणी खाली झिरपतं आणि तोच थर भिजलेल्या साखरेसारखा होतो. मग पाऊल टाकलं की गुडघा आत, तो काढायला दुसऱ्या पायावर जोर दिला की तोही आत. जे अंतर पहाटे वीस मिनिटांचं, ते दुपारी दीड तासाचं होतं. ओल्या बर्फाचे लोंढे सुटतात तेही ऊन चढल्यावर. रात्रभर बर्फाने धरून ठेवलेले दगडही तेव्हाच सुटून घरंगळत येतात.

दोन बारकावे माहीत असू द्या. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन आधी येतं, तो लवकर बिघडतो. पश्चिमेचा सकाळभर टिकतो. त्यामुळे 'दहाच्या आत खिंड' हा नियम सगळीकडे सारखा लावता येत नाही, तुमची शेवटची चढण कुठल्या बाजूला आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. दुसरा बारकावा जास्त महत्त्वाचा. रात्र ढगाळ आणि उबदार गेली असेल तर बर्फ गोठतच नाही, मग पहाटे उठूनही फायदा नाही. तंबूतून बाहेर येऊन पहिल्यांदा बर्फावर टाच मारून बघा. टाच आत गेली तर गाईडशी बोला. चांगला गाईड तोवर स्वतःच गप्प होऊन वर बघत असतो.

नाला ओलांडायची भीती वाटते. नक्की कसा ओलांडायचा?

भीती वाटते हे चांगलंच आहे. हिमालयात माणसं दरीत पडतात तशी पाण्यातही जातात, आणि पाण्यात जाणारे बरेचदा 'एवढंसं तर आहे' म्हणत उतरलेले असतात.

आधी वेळ. बर्फाचं पाणी पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सगळ्यात जास्त. पण हे उगमाजवळचं गणित झालं. बर्फापासून बरंच खाली असाल तर दुपारचा लोंढा तिथवर पोचायला संध्याकाळ किंवा रात्र होते. संध्याकाळी नाल्याशी पोचलात आणि पाणी तांबडं-करडं, उसळतं असेल तर अलीकडेच तंबू ठोका. सकाळी तोच नाला निम्मा दिसतो.

मग जागा. वाट जिथे पाण्यात उतरते तीच जागा चांगली असं काही नाही. वर-खाली थोडं फिरा. पात्र जिथे रुंद होऊन दोन-तीन धारांत फुटतं तिथे पाणी उथळ असतं. अरुंद जागा मोहात पाडते, पण खोली आणि जोर तिथेच असतो. खालच्या अंगाला धबधबा, मोठे खडक किंवा स्नो ब्रिज (पाण्यावर उरलेला बर्फाचा पूल) असेल तर ती जागा बाद, कारण घसरलात तर त्याखाली जाल.

काठावर उभं राहून कान द्या. पाण्याच्या खळखळाटाखाली ठक्‌ठक्‌, गडगड असा बोजड आवाज आला तर तळातले धोंडे वाहत आहेत. त्या पाण्यात कुणीही उतरू नये, गाईडनेही नाही. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर असेल तरी नाही.

उतरताना सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे वेळ आली तर सॅक टाकता येते. अनवाणी जाऊ नका. फ्लोटर्स घाला, आत मोजे असले तर उत्तम. गार पाण्यात तळपाय मिनिटभरात बधिर होतात आणि दगड लागलेला कळतही नाही. तोंड पाणी येतं त्या दिशेला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा आणि तो चाचपत. पायाकडे टक लावून बघत राहिलात तर गरगरतं, नजर थोडी पुढे ठेवा. तिघे-चौघे असाल तर खांदे धरून ओळीने जा, सगळ्यात दणकट माणूस पाण्याच्या वरच्या अंगाला. कमरेला दोर बांधून घेऊ नका. पडलात तर तोच दोर तुम्हाला पाण्याखाली दाबून धरतो. वाहून जायला लागलात तर सॅक सोडा, उताणे व्हा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला.

हम्टाच्या वाटेवर शिया गोरूजवळचा नाला यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे पलीकडे पोचल्यावर फोटो काढत बसू नका. आधी पाय पुसा, मोजे घाला.

स्नो ब्रिजवरून चालणं सुरक्षित असतं का?

असतं, तोवर असतं. रूपिनच्या वाटेवर मेच्या अखेरीस नदी बऱ्याच ठिकाणी बर्फाखालून वाहते आणि त्या बर्फावरूनच वाट जाते. बर्फ वरून वितळतो हे आपल्याला दिसतं. पण खालून पाणी आणि त्याबरोबर वाहणारी हवा त्याला पोखरत असते ते दिसत नाही. वर चार फूट जाड वाटणारा पूल मध्यावर वीतभर उरलेला असू शकतो.

बघायच्या खुणा अशा: मधोमध खोलगट बाक आला आहे का, आडव्या भेगा आहेत का, कुठे काळपट-करडा ओला पट्टा आहे का, काठाशी बर्फ आणि जमीन यांच्यात फट पडली आहे का. बाजूने जाऊन पुलाचं तोंड दिसत असेल तर जाडी तिथूनच बघा. कालच्या माणसांच्या पावलांवर विसंबू नका, त्यांचा काल गेला. सकाळी ओलांडा, एकेकाने, मध्ये अंतर ठेवून. काठीने पुढचा बर्फ ठोकत जा, पोकळ आवाज लगेच कळतो. आणि पुलावर उभं राहून ग्रुप सेल्फी? बारा जणांचं वजन एका जागी गोळा करायची याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

अशीच पोकळी मोठ्या खडकांभोवती आणि झुडपांभोवती असते. उन्हाने खडक तापतो आणि भोवतालचा बर्फ आतून सुटतो. बर्फातून डोकावणारा काळा दगड टेकायला छान दिसतो, पण त्याच्या कडेलाच पाय कंबरेपर्यंत जातो. दोन हात लांबून जा.

बर्फावरून घसरत खाली यायला परवानगी असते का? त्यासाठीच तर चाललोय!

सार पासची घसरगुंडी करून आलेला माणूस वर्षभर तेच सांगतो, तेव्हा तुमची उत्सुकता रास्त आहे. गाईडने दाखवलेल्या चाकोरीतून, त्याने सांगितल्यावर, जरूर घसरा. उताराचा शेवट दिसला पाहिजे आणि तिथे सपाट बर्फ हवा, दगड किंवा नाला नको. पहाटेच्या कडक बर्फावर वेग आवरत नाही, ऊन चढून वरचा थर थोडा मऊ झाला की घसरा. पायात क्रॅम्पॉन्स किंवा मायक्रोस्पाईक्स (बर्फावर पकड यावी म्हणून बुटाखाली लावायचे धातूचे दात) असतील तर आधी काढा. दात बर्फात अडकले की अंग पुढे जातं आणि घोटा मागे राहतो. काठीची दोरी मनगटात अडकवू नका.

आईस अ‍ॅक्सने (बर्फात रोवायच्या छोट्या कुदळीने) स्वतःला कसं थांबवायचं हे व्हिडिओ बघून येत नाही. मनापासून शिकायचं असेल तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था यांचा बेसिक कोर्स करा. जवळजवळ महिनाभराची रजा लागते, तीच खरी अडचण.

बूट, गेटर्स, मायक्रोस्पाईक्स यातलं विकत काय घ्यावं आणि भाड्याने काय?

बूट स्वतःचेच, घोट्यापर्यंतचे, आणि आधी सह्याद्रीत वापरून मुरवलेले. नवे कोरे बूट थेट तिकडे घालणाऱ्यांच्या टाचा पहिल्याच मुक्कामाला सोललेल्या असतात. गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून नडगीवर बांधायची कव्हरं) आणि मायक्रोस्पाईक्स केदारकंठाच्या पायथ्याच्या सांक्रीत किंवा मनालीत भाड्याने मिळतात, फक्त रबर फाटलेलं नाही ना ते तिथेच ताणून बघा. स्पाईक्स कडक बर्फासाठी असतात. मऊ, ओल्या बर्फात त्यांच्याखाली गोळे साचतात आणि उलट जास्त घसरायला होतं.

वॉटरप्रूफ बूट असला तरी पाणी वरून आत जातंच. मोज्यांचे तीन-चार जोड ठेवा आणि एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखा, कितीही मोह झाला तरी तो दिवसा घालायचा नाही. संध्याकाळी बुटाच्या नाड्या पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर पहाटे त्या तारेसारख्या ताठ होतात आणि बधिर बोटांनी सुटत नाहीत. ओले बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवले तर गोठत नाहीत. वास येतो, पण त्याला इलाज नाही. जीन्स नको. सुती बनियनही नको.

गॉगल नसला तर चालेल का? टोपी आहे.

नाही चालणार. टोपी वरचं ऊन अडवते, बर्फावरून खालून येणारं नाही. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि बर्फ त्यात परावर्तनाची भर घालतो. डोळ्यांचं नुकसान होताना काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं रात्री तंबूत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते आणि उजेड सहन होत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं, पण ते दोन दिवस चालणार कसे? बाजूंनी झाकलेला, चांगल्या दर्जाचा यूव्ही गॉगल घ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीचा. रस्त्यावरचा नुसता काळा काच असलेला गॉगल जास्त वाईट, त्यामागे बाहुली मोठी होते आणि किरणं आत येतातच. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा.

एक जादा गॉगल सॅकमध्ये टाका. तुमचं सामान वाहणारा पोर्टर कित्येकदा गॉगलशिवाय आणि साध्या रबरी बुटांत त्याच बर्फावरून चालत असतो. कंपनीने त्याला काय दिलंय हे बुकिंग करतानाच विचारा. असं गिऱ्हाइकांनी विचारलं तरच काही बदलेल.

उंचीच्या त्रासासाठी आधीच गोळी घ्यावी का?

ते डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. गोळीपेक्षा आराखडा बघा. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक विसावा हवा. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही. तोल जाऊ लागला, बरळणं सुरू झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली.

हवामान अ‍ॅपवर सगळीकडे ऊन दिसतंय. मग काळजी कशाची?

अ‍ॅप बहुधा जवळच्या गावाचं हवामान दाखवतं. तुम्ही असता दोन हजार मीटर वर, म्हणजे सरासरी १३ अंश खाली. २०२४ च्या जूनमध्ये उत्तरकाशीतल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या गटातले ९ जण अचानक आलेल्या वादळात आणि थंडीत गेले. तारीख बघा, जून. भर उन्हाळ्याचा ट्रेक म्हणून रेनकोट आणि लोकरीची टोपी खाली ठेवून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुपारी ढग जमून गारा पडणं तर तिकडे नित्याचं आहे. आणि साचलेल्या बर्फावर पाऊस पडला तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही उतारांपासून लांब राहायचं, ओला बर्फ तेव्हा सगळ्यात जास्त सुटतो.

कमी बर्फाचं वर्ष असेल तर ट्रेक सोपा जातो ना?

उलटही होतं. २०२४-२५ च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होतं, २३ वर्षांतलं नीचांकी. अशा वर्षी स्नो ब्रिज लवकर पातळ होऊन कोसळतात आणि एरवी पुलावरून पार होणारा नाला पाण्यातून ओलांडावा लागतो. रूपिनच्या शेवटच्या घळीसारख्या ठिकाणी भरपूर बर्फात पायऱ्या खोदत वर जाता येतं. बर्फ गेला की तिथे सुटे दगड उरतात, आणि वरच्याने हलवलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. हेल्मेट विचारा.

अमेरिकेतून भाऊ येतोय, तो सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र आणणार आहे. बरं झालं ना?

त्याला आजच फोन करा आणि ते घरी ठेवायला सांगा. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगता येत नाही. विमानतळावर सापडलं तर माणूस अडकतो, गिर्यारोहक असला तरी.

वितळलेलं पाणी थेट प्यायलं तर? शुद्धच असणार ना!

मे-जूनमध्ये गद्दी आणि इतर मेंढपाळ शेकडो मेंढ्या घेऊन वर चढत असतात. नाल्याच्या वरच्या अंगाला काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. उकळा किंवा गाळून घ्या. बर्फ तोंडात टाकत राहू नका, त्याने तहान भागत नाही आणि अंगातली ऊब जाते. गुलाबी छटेचा बर्फ दिसला तर तो शेवाळाचा, खाऊ नका.

पाळीच्या दिवसांत जावं का?

जायला हरकत काहीच नाही. वापरलेले पॅड गोठलेल्या जमिनीत पुरले जात नाहीत आणि बर्फात टाकलेले जूनमध्ये उघडे पडतात. घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या न्या आणि सगळं परत आणा. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर सवय घरी दोन-तीन महिने आधी करा.

वाटेत गवतात पालथे पडलेले लोक दिसतात, ते काय करतात?

पिथोरागढ-चमोलीच्या बुग्यालांत मे-जूनमध्ये दिसले तर ते किडाजडी, म्हणजे अळीवर उगवणारी औषधी बुरशी, शोधत असतात. बर्फ सरकला की काडीएवढं टोक मातीतून वर येतं, ते नजरेला पडायला जमिनीशी गाल लावावा लागतो. किलोला लाखांत भाव मिळतो, अनेक घरांचं वर्ष त्यावर निघतं. त्यांच्या शोधाच्या जागेतून तुडवत जाऊ नका आणि फोटोसाठी मागे लागू नका. खालच्या जंगलात गुच्छी (रानटी अळंबी) गोळा करणारेही भेटतील.

खिंडीच्या आधी परत फिरवलं तर पैसे परत मिळतात का?

सहसा नाही, आणि तसा करार नसावाच. पैसे परत द्यायचे असले की लीडरवर वर नेण्याचा दबाव येतो. त्याऐवजी बुकिंगच्या आधी विचारा: राखीव दिवस आहे का, परत फिरायची वेळ ठरलेली असते का, एका गाईडमागे किती माणसं. वेळेचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा. आणि परतीचं रेल्वेचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. दरड कोसळून रस्ता बंद होणं या दिवसांत अगदी नेहमीचं, आणि सांक्रीहून डेहराडूनला यायलाच अख्खा दिवस जातो.

जूनच्या शेवटी सुट्टी मिळतेय. तेव्हा चालेल का?

हिमाचल-उत्तराखंडात साधारण २० ते २५ जूनच्या आसपास पाऊस पोचतो. त्यानंतर या बाजूच्या वाटा चिखल, जळवा आणि दरडींच्या. तेव्हा लाहौल-स्पितीकडे वळा, पर्जन्यछायेत असल्याने तिथे पाऊस बेताचाच. तिथल्या उंच खिंडींवरचा बर्फ सुटायला तेव्हा कुठे सुरुवात झालेली असते, म्हणजे वर लिहिलेलं नाल्यांचं आणि घड्याळाचं सगळं तिथेही जुलैभर लागू. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १ जूनला उघडते, पण फुलांसाठी जायचं असेल तर जुलैचा मध्य ते ऑगस्ट धरा, आणि रेनकोट चांगला घ्या.